घरच्या व्हॉल्व ॲम्पमधली गुणगुण : हीटरला एसी ठेवू की डीसी करू?

उंटवाडीकर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतं वाचत होतो, आज अडल्यामुळे पहिला धागा काढतोय.

दिवाळीच्या सुट्टीत व्हॉल्व ॲम्प (काचेच्या व्हॉल्ववर चालणारा ॲम्प्लिफायर) बांधायला घेतला. दोन चॅनल, प्रत्येकी एक ईएल८४ (स्पीकर चालवणारा व्हॉल्व), पुढे दोघांत मिळून एक ईसीसी८३ (पहिल्या टप्प्यात सिग्नल वाढवणारा व्हॉल्व). आजोबांच्या बंद रेडिओतून आणि बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर मिळालेल्या डब्यातून व्हॉल्व निघाले, दोन बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) आहेत. चासीचा (ॲम्पच्या सांगाड्याचा) ॲल्युमिनियमचा पत्रा अंबडला वाकवून घेतला. पॉवर ट्रान्सफॉर्मर गावातल्याच एका वाइंडरकडून गुंडाळून घेतला. एचटीला (व्हॉल्वच्या उच्च डीसी व्होल्टेजला) एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज आहे (१एन४००७), कंडेन्सरवर २६५ व्होल्ट येतात.

गाणं वाजतं. छान वाजतं. पण गाणं थांबलं की जी गुणगुण सुरू होते, ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते. बायको म्हणाली, फ्रिज बिघडला का बघ. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच.

हीटरचं (व्हॉल्व तापवणाऱ्या तारेचं) वायरिंग रेडिओत होतं तसंच केलंय. एक वायर सगळ्या बेसना (व्हॉल्वच्या सॉकेटना) फिरवली, दुसरं टोक चासीला. ट्रान्सफॉर्मरवाल्याला '६.३ व्होल्ट, ३ अँपिअर, सेंटर टॅपसकट' (म्हणजे वाइंडिंगच्या मध्यातूनही एक वायर) असं सांगितलं होतं. त्याने तीन वायरी दिल्या. मधली चासीला लावली, एका बाजूची वापरली, तिसरी टेप लावून ठेवून दिली.

आता वाटतंय की हीटरला सरळ डीसीच द्यावा. १२ व्होल्टचा ॲडाप्टर आणि ऑनलाइन मिळणारं, व्होल्टेज उतरवणारं छोटं बक मॉड्यूल लावून ६.३ करावेत, म्हणजे विषय संपला. कोणी केलंय का?

---

मिसळ_पार्सल | सोमवार, रात्री ११:०५

वाचतोय. विषयातलं शून्य कळतं, पण फोटो टाका. व्हॉल्व पेटलेले बघायला आवडतात. हिवाळ्यात हात शेकायलाही उपयोग होईल.

---

जुना_रेडिओ | मंगळवार, सकाळी ६:२०

उंटवाडीकर, आधी एक सांगा. चासी उलटी करून हात घालताना एचटीचा कंडेन्सर रिकामा करता ना? २६५ व्होल्ट स्विच बंद केल्यावरही बसून राहतात. कंडेन्सरवर २२० किलोओहमचा रेझिस्टन्स कायमचा लावून टाका आणि तरीही दर वेळी मीटर लावून बघा. एक हात खिशात. मी नाशिकरोडला ३० वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. दोन वेळा भिंतीवर आपटलोय, म्हणून सांगतो.

आता मुद्दा. रेडिओवाल्यांनी हीटरचं एक टोक चासीला का लावलं? वायर वाचते म्हणून. आणि ते खपलं का? रेडिओचा स्पीकर पाच-सहा इंची, त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर एवढासा, ५० हर्ट्झ त्याला दाखवताच येत नव्हते. गुणगुण तेव्हाही होती, बाहेर पडत नव्हती इतकंच. तुम्ही त्याच वायरिंगपुढे चांगला ट्रान्सफॉर्मर आणि मोठे स्पीकर जोडलेत. आता सगळं ऐकू येणार.

शिवाय चासी हीच परतीची वायर झाली. १.८ अँपिअरचा एसी तुमच्या पत्र्यातून वाहतोय आणि त्याच पत्र्याला इनपुटचा ग्राउंड आहे. मग गुणगुण येणार नाही तर काय?

---

अंबडवाला | मंगळवार, सकाळी ९:४८

काकांचं बरोबर आहे, पण २०० रुपयांत काम होत असेल तर इतका खटाटोप कशाला? मी सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) आणि एलएम२५९६ चं बक मॉड्यूल लावलंय. ६.३ वर सेट केलं, वर्ष होत आलं. गुणगुण शून्य. ते मॉड्यूल १५० किलोहर्ट्झवर चालतं, कानाला काय कळणार?

---

निळी_ठिणगी | मंगळवार, दुपारी १:१५

उंटवाडीकर, डीसीकडे वळण्याआधी ही गुणगुण हीटरचीच आहे का, हे तरी बघा. पॉलिटेक्निकच्या मुलांना मी हेच सांगते: आधी रोग ओळखा, मग औषध.

पहिली परीक्षा कानाने. हीटरची गुणगुण ५० हर्ट्झची. एचटी नीट गाळली गेली नसेल तर येते ती १०० हर्ट्झची, कारण ब्रिज दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो. म्हणजे बरोबर एक सप्तक वर. ५० ची जड, खर्जात बसलेली असते. १०० ची जरा करकरीत. कान बसलेला नसेल तर मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या आणि खांब कुठे उभा राहतो ते बघा.

दुसरी परीक्षा: ॲम्प बंद करा, ईसीसी८३ काढा, पुन्हा चालू करा. गुणगुण गेली तर ती पहिल्या टप्प्यात शिरतेय. तशीच राहिली तर पुढचा टप्पा, एचटी किंवा दोन ट्रान्सफॉर्मरचं एकमेकांशी नातं बघावं लागेल.

तिसरी मला सगळ्यात आवडते. इमर्जन्सी लॅम्पची ६ व्होल्ट ४.५ एएचची बॅटरी घ्या. भरलेली असली की तिच्यावर ६.३-६.४ व्होल्ट असतात, जणू व्हॉल्वसाठीच बनवलीय. ईसीसी८३ चा हीटर बाकीच्यांपासून सोडवा आणि बॅटरीवर चालवा, ऋण टोक चासीला. ०.३ अँपिअर ती आरामात देते. यापेक्षा स्वच्छ डीसी जगात नाही. बॅटरीवरही गुणगुण तेवढीच राहिली, तर हीटरचा काही दोष नाही आणि एसएमपीएसचे पैसे वाचले.

---

देवळालीकर | मंगळवार, दुपारी ३:३०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा ईसीसी८३ मंद पेटतो आणि आवाज चिरका येतो. ईएल८४ ठीक आहेत. हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांना ६.३ व्होल्ट दिलेत. व्हॉल्व गेला म्हणायचा का?

---

जुना_रेडिओ | मंगळवार, दुपारी ४:०२

देवळालीकर, व्हॉल्व ठणठणीत आहे, उपाशी आहे. ईएल८४ चा हीटर ४ आणि ५ वर असतो, खरं. पण ईसीसी८३ मध्ये दोन हीटर एकापुढे एक आहेत, टोकं ४ आणि ५, मधला सांधा ९ वर. ४-५ वर ६.३ दिले की प्रत्येक अर्ध्याला ३.१५ मिळतात. ६.३ वर चालवायचा तर ४ आणि ५ एकत्र करा आणि दुसरी वायर ९ ला. ०.३ अँपिअर घेईल. ४-५ वर १२.६ दिले तर ०.१५ मध्ये भागतं, तेव्हा ९ मोकळा.

दुकानात येणाऱ्या होतकरू पोरांपैकी निम्मे इथेच फसायचे.

---

देवळालीकर | मंगळवार, संध्या. ७:११

काका, पेटला! आवाजही मोकळा झाला. एक रशियन ६एन२पी पण आणून ठेवलाय, ईसीसी८३ च्या जागी चालतो असं विकणारा म्हणाला.

---

निळी_ठिणगी | मंगळवार, संध्या. ७:४०

गुण जवळचे आहेत, पिना नाहीत. ६एन२पी चा एकच हीटर, ४ आणि ५ वर, ६.३ व्होल्टचा. ९ नंबरला आतली ढाल आहे. तुम्ही आत्ताच ४ आणि ५ जोडलेत, त्या बेसवर तो पेटणारच नाही. आणि १२.६ च्या बेसवर लावलात तर दुप्पट व्होल्टेज खाऊन जळेल. बेसचं वायरिंग बदलायची तयारी असेल तरच लावा.

---

उंटवाडीकर | बुधवार, रात्री ११:२०

अहवाल. ईसीसी८३ काढला तर गुणगुण जवळपास गेली, स्पीकरला कान लावल्यावर बारीक करकर. ॲपवर पहिला खांब ५० वर, उंच. १०० वर छोटा.

बॅटरी शेजाऱ्यांच्या इमर्जन्सी लॅम्पमधून 'उसनी' घेतली. ईसीसी८३ तिच्यावर लावला आणि ५० चा खांब कोसळला. पूर्ण नाही, पण तीन फुटांवर ऐकू येईना.

म्हणजे हीटरच. मग मला राहवलं नाही. एम.जी. रोडवरून बक मॉड्यूल आणलं, घरात १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडाप्टर होता, तिन्ही व्हॉल्व त्यावर टाकले. चालू केलं तर ॲडाप्टर टिक... टिक... टिक करत बंद-चालू होत राहिला, व्हॉल्व काळेच. अंबडवाले, तुमचा कसा चालतो?

---

अंबडवाला | गुरुवार, सकाळी ८:५५

माझा ५ अँपिअरचा आहे आणि मी एकच व्हॉल्व चालवतो. तुमचा ॲडाप्टर बारका पडला, एवढंच.

---

निळी_ठिणगी | गुरुवार, दुपारी १२:५०

एवढंच नाही. थंड हीटर हा जवळजवळ शॉर्ट असतो. ईएल८४ गरम असताना ६.३ भागिले ०.७६ म्हणजे ८.३ ओहम. थंड असताना मीटर लावून बघा, दीड ओहमच्या आसपास दिसेल. तुमचे दोन ईएल८४ आणि एक ईसीसी८३ गरम झाल्यावर १.८२ अँपिअर घेतात, पण पहिल्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट मागतात. लोखंडी ट्रान्सफॉर्मर जरा दबतो, कुरकुरतो आणि देतो. एसएमपीएसला वाटतं शॉर्ट झालाय, तो स्वतःला बंद करतो, पुन्हा प्रयत्न करतो. तीच ती टिकटिक. एसएमपीएसनेच चालवायचं तर तिप्पट क्षमतेचा घ्या किंवा हीटरच्या ओळीत एनटीसी (थंड असताना करंट अडवणारा रेझिस्टन्स) टाका. आणि ऋण टोक कुठेतरी ग्राउंडला बांधलेलं हवंच, नाहीतर हीटर तरंगत राहतो आणि ॲडाप्टरमधून गळणारं मेन्सचं अर्धंमुर्धं व्होल्टेज त्याच्यावर बसतं.

आता डीसीबद्दल, कारण 'डीसी केलं की विषय संपला' हे वाक्य मी फार ऐकलंय.

६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर ब्रिज आणि कंडेन्सर लावून डीसी करायचा विचार असेल तर हिशेब असा. शिखर ८.९ व्होल्ट. दोन डायोड १.८ खाणार, उरले ७.१. कंडेन्सर १०,००० मायक्रोफॅरडचा घेतला तरी १.८२ अँपिअरला १० मिलिसेकंदांत तो १.८ व्होल्ट खाली येणार. म्हणजे सेकंदाच्या दर शंभराव्या भागात ७.१ वरून ५.३ पर्यंत घसरगुंडी. रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीला) वर शिल्लक व्होल्टेजच नाही. रेग्युलेटरशिवाय तसंच दिलं तर करवतीच्या दातासारखी १०० हर्ट्झची लाट हीटरवर जाणार. एसीची निदान गोल, गुळगुळीत साइन लाट होती, ही टोकदार. कान जास्त पकडतो. शिवाय कंडेन्सर फक्त शिखरावर भरतो, त्यामुळे वाइंडिंगमधून साधारण १.८ पट आरएमएस (प्रभावी) करंट जातो, म्हणजे ३.३ अँपिअर. तुमची वायर ३ अँपिअरची. ट्रान्सफॉर्मरवर पापड भाजाल.

डीसी जिथे खरंच लागतो ती जागा म्हणजे फोनोचा प्रीॲम्प, जिथे रेकॉर्डच्या सुईचे मिलिव्होल्ट वाढवायचे असतात. तिथे मी १२ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग घेते, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड आणि एलएम३१७ रेग्युलेटर. दोन रेझिस्टन्स, २२० ओहम आणि २ किलोओहम, बरोबर १२.६ व्होल्ट येतात. दोन ईसीसी८३ मिळून ०.३ अँपिअर, आयसीवर जेमतेम एक वॅट, छोटा हीटसिंक पुरतो. एलएम३१७ नसेल तर ७८१२ च्या मधल्या पायाखाली एक साधा डायोड टाका, १२ चे १२.६ होतात.

ईएल८४ ला मात्र डीसी देणं म्हणजे म्हशीला छत्री. तिथे सिग्नल इतका मोठा असतो की हीटरची गुणगुण त्याच्यापुढे काहीच नाही.

---

मिसळ_पार्सल | गुरुवार, दुपारी १:०४

म्हशीला छत्री... वहीत लिहून घेतलं. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

---

जुना_रेडिओ | गुरुवार, दुपारी ४:३५

ताईंनी हिशेब चोख मांडला. आता मी तुमच्या तीन वायरींकडे येतो, कारण सोमवारपासून ती तिसरी वायर डोक्यात बसलीय.

वाइंडरला 'सेंटर टॅप' म्हटलं की त्याच्या डोक्यात सहा-झिरो-सहा येतं. त्याने तुम्हाला ६.३-०-६.३ दिलंय. तुम्हाला हवं होतं ३.१५-०-३.१५. चूक त्याची नाही, भाषेची आहे. मीटर लावा, दोन टोकांच्या मध्ये १२.६ च्या वर दिसतील.

आणि हे वाया गेलेलं नाही. उलट नशीब काढलंत.

ईसीसी८३ च्या ४ आणि ५ वर दोन्ही बाहेरच्या वायरी लावा, ९ मोकळा. त्याला पूर्ण १२.६ मिळाले. डावा ईएल८४ एका बाहेरच्या वायरीत आणि मधलीत, उजवा मधलीत आणि दुसऱ्या बाहेरच्या वायरीत. प्रत्येकाला ६.३. मधल्या वायरीतून जवळजवळ काहीच करंट वाहणार नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या ओढतात. ती फक्त तोल राखते. आणि एक बाजू वर जाताना दुसरी तेवढीच खाली जाते, म्हणून पहिल्या व्हॉल्वच्या ग्रिडपाशी (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीपाशी) दोघींचा परिणाम एकमेकांना खातो. नुसता मधला बिंदू बांधायला लोक १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टन्स लावून खोटा सेंटर टॅप करतात. तुमच्याकडे खरा आहे आणि तुम्ही तो चुकीच्या जागी वापरताय.

वायरिंग नीट करा. हीटरच्या वायरींना घट्ट पीळ द्या, वेणीसारखा, सैल नको. ट्रान्सफॉर्मरपासून आधी ईएल८४, शेवटी ईसीसी८३. वायर चासीच्या कोपऱ्यात दाबून न्या आणि बेसपाशी सरळ वरून खाली उतरवा. ग्रिडच्या पिनांवरून (२ आणि ७) तिरकी नेऊ नका. हीटरचा करंट चासीच्या पत्र्यातून एक मिलिअँपिअरसुद्धा जाता कामा नये.

---

निळी_ठिणगी | गुरुवार, संध्या. ६:१०

काका, नमस्कार! ही जुळणी माझ्या लक्षातच आली नव्हती.

एक भर. मधली वायर थेट चासीला न लावता वर उचला. हीटर स्वतःही थोडे इलेक्ट्रॉन सोडतो. कॅथोडपेक्षा (हीटरने तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागापेक्षा) तो ऋण झाला की ते कॅथोडकडे पळतात आणि ५० हर्ट्झ घेऊन जातात. हीटरला कॅथोडपेक्षा कायम धन ठेवलं की ही गळती थांबते. एचटीपासून २२० किलोओहम, त्याखाली ४७ किलोओहम ग्राउंडला. २६५ पैकी साधारण ४६ व्होल्ट मधल्या सांध्यावर येतील. सांध्यापासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कंडेन्सर, आणि हीटरची मधली वायर त्या सांध्याला. यातून हीटरला करंट द्यायचा नाही, नुसतं उंचावर बसवायचंय. २२० किलोओहमचा रेझिस्टन्स एक वॅटचा घ्या. तापतो म्हणून नाही, पाव वॅटवाल्याला एवढं व्होल्टेज झेपत नाही म्हणून. काकांनी सांगितलेला कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्सही हाच झाला, एका दगडात दोन पक्षी.

४६ व्होल्ट सुरक्षित आहेत. हीटर आणि कॅथोडमध्ये ईएल८४ ला १०० पर्यंत चालतात, ईसीसी८३ ला १८०.

---

अंबडवाला | गुरुवार, रात्री ९:२२

मान्य, सुंदर आहे. तरीही माझा एसएमपीएस वर्षभर गुणगुणला नाही, हे माझं मत कायम.

---

जुना_रेडिओ | गुरुवार, रात्री ९:३०

तुमचं मत कायम असू द्या. पण शेजारी मीडियम वेव्हचा रेडिओ ठेवून आकाशवाणी लावून बघा एकदा.

---

अंबडवाला | शुक्रवार, सकाळी ८:४०

लावून बघितला काका. खरखर येते. 😅 पण रेडिओ ऐकतो कोण?

---

देवळालीकर | शुक्रवार, सकाळी १०:१५

अजून एक बाळबोध प्रश्न. मला डायोडऐवजी व्हॉल्वचाच रेक्टिफायर लावायचाय. त्याचा हीटर याच ६.३ वर चालेल का?

---

निळी_ठिणगी | शुक्रवार, दुपारी १:३०

ईझेड८१ असेल तर चालतो. ६.३ व्होल्ट, १ अँपिअर, आणि त्याचा कॅथोड हीटरपासून ५०० व्होल्टपर्यंत वेगळा राहू शकतो. पण जीझेड३४ किंवा ५वाय३ ला ५ व्होल्टचं स्वतंत्र वाइंडिंगच लागतं, कारण त्यांचा हीटर पूर्ण एचटीवर बसलेला असतो. ते दुसऱ्या कशाशी जोडलंत तर दिवाळी दुसऱ्यांदा येईल. त्यासाठी वेगळा धागा काढा.

---

उंटवाडीकर | रविवार, रात्री ८:५०

दोन दिवस चासीत डोकं घालून होतो. सगळी हीटरची वायर उपटून काढली, पीळ द्यायला ड्रिल मशीनच्या चकमध्ये वायरीचं टोक धरलं, दोन सेकंदांत मस्त वेणी तयार. काकांनी सांगितल्याप्रमाणे जुळणी, ताईंनी सांगितल्याप्रमाणे ४६ व्होल्टवर उचललं (माझ्याकडे ४५ आले). सोल्डरचा प्रत्येक डाग भिंगाखाली बघितला. रेडिओच्या काळातले दोन डाग करड्या पडलेल्या कथलाचे होते, तेही नव्याने दिले.

वाइंडरकडेही जाऊन आलो. भांडायला नाही, विचारायला. तो म्हणाला, 'साहेब, चार्जरवाले, इन्व्हर्टरवाले सगळे असंच मागतात. कागदावर तीन आकडे लिहून द्यायचे, ३.१५-०-३.१५. तोंडी सेंटर टॅप म्हणू नका.' पुढच्यांनी लक्षात ठेवा.

चालू केलं. पहिली पाच मिनिटं वाटलं ॲम्प चालूच झाला नाही. मग पोरीने रेकॉर्ड लावली.

५० चा खांब आता शोधावा लागतो. शेवटी जी बारीक करकर राहिली ती १०० ची होती. त्यासाठी एचटीचा ग्राउंड आणि इनपुटचा ग्राउंड वेगवेगळ्या जागी चासीला लावले होते ते एकाच बोल्टवर आणले. आता कान स्पीकरला चिकटवला तरच काहीतरी आहे असं वाटतं. बायको म्हणाली, फ्रिज दुरुस्त झाला का.

एकच अडचण. आधी एका बाजूवर सगळा भार होता तेव्हा पिनांवर ६.६ येत होते. आता भार दोन बाजूंना वाटला गेला तर प्रत्येक अर्ध्यावर ६.७५ दाखवतोय. घरात मेन्स २४६ होते.

---

जुना_रेडिओ | सोमवार, सकाळी ६:०५

शाब्बास. पिनांवर मोजलंत हे चांगलं केलंत, बरेच जण ट्रान्सफॉर्मरपाशी मोजतात आणि खुश होतात.

ट्रान्सफॉर्मर २३० साठी गुंडाळलेला, तुमच्याकडे येतात २४६, वाढणारच. ६.३ च्या दहा टक्के वर म्हणजे ६.९ पर्यंत पुस्तकात चालतं, पण बीईएलचे जुने व्हॉल्व पुन्हा मिळणार नाहीत. हीटर जास्त तापला की कॅथोडचा लेप उडत जातो. फार कमी तापला तरी वाईट, लेप विषारतो आणि ईएल८४ सारख्याला जास्त करंट ओढताना त्रास होतो. म्हणून उपाशी ठेवायच्या भानगडीत पडू नका. ६.३ च्या जवळ आणा.

दोन्ही बाहेरच्या वायरींत प्रत्येकी ०.४७ ओहम ५ वॅटचा एकेक रेझिस्टन्स टाका. ०.९१ अँपिअर जातोय, ०.४३ व्होल्ट पडतील. एकाच बाजूला टाकू नका, तोल जाईल. व्हॉल्व गरम होताना हेच रेझिस्टन्स पहिल्या झटक्यालाही जरा लगाम घालतात.

---

मिसळ_पार्सल | सोमवार, सकाळी ९:१२

फोटो अजून आले नाहीत, याची नोंद घ्यावी.

---

चाळीस_वॅट | सोमवार, सकाळी १०:३०

आत्ताच सगळा धागा वाचून काढला. मी ३००बी व्हॉल्वचा ॲम्प बांधायच्या विचारात आहे. त्याला हे सगळं लागू होतं का?

---

निळी_ठिणगी | सोमवार, दुपारी १:०५

नाही. ३००बी मध्ये हीटर आणि कॅथोड वेगळे नसतातच, तापलेली तारच इलेक्ट्रॉन सोडते, ५ व्होल्ट १.२ अँपिअर. तिथे एसीचा प्रत्येक हेलकावा सिग्नलमध्येच असतो. तिथे डीसीची बाजू मी घेईन, अंबडवाल्यांच्या शेजारी बसून. पण आधी एखादा ईएल८४ चा ॲम्प बांधा. स्वस्तात शिकाल.

---

अंबडवाला | सोमवार, दुपारी १:२०

ताई, जागा राखून ठेवतो. 🙏

---

उंटवाडीकर | सोमवार, रात्री ११:१८

फोटो वर जोडलेत, मिसळ_पार्सल, शेकून घ्या. रेझिस्टन्स टाकले. संध्याकाळी २४६ वर पिनांवर ६.३२ आले. आत्ता रात्री मेन्स चढून २५१ झालाय, पिनांवर ६.४५. चालेल ना काका?

---

जुना_रेडिओ | सोमवार, रात्री ११:२५

चालेल. मीटर ठेवा आणि झोपा आता.